गैरहजर रेघ

आज सकाळी साडेआठला कांद्याची मुळं कापली. चार दिवसांपूर्वी प्रयोगशाळेच्या खिडकीत सात बाटल्यांच्या तोंडावर सात कांदे बसवले होते. जुनी वाळकी मुळं खरवडून टाकलेली, बूड पाण्याला जेमतेम टेकलेलं. कालपर्यंत बोटाच्या पेराएवढी पांढरीशुभ्र मुळं सुटली होती. टोकं कापून ॲसिटिक आम्ल आणि अल्कोहोलच्या मिश्रणात ठेवली. उद्या अकरावीची मुलं ती काचेच्या वाटीत घेतील, ॲसिटोकार्मिनचे दोन-तीन थेंब टाकतील, स्पिरिटच्या दिव्यावर हलकी ऊब देतील, मग काचपट्टीवर ठेवून टिपकागदाआडून अंगठ्यानं दाबतील. थोड्या वेळानं कुणीतरी सूक्ष्मदर्शकावरून मान न उचलता म्हणेल, "मॅडम, सापडली!" म्हणजे विभाजन होत असलेली पेशी सापडली.

मुळं सकाळीच का कापायची, हे दर वर्षी एक तरी मूल विचारतं. त्या वेळी दुभंगणाऱ्या पेशी जास्त मिळतात, हे उत्तर मी वर्षानुवर्षं देत आले. त्याच्या मागचा प्रश्न मात्र क्वचितच कुणी विचारतं. आता दुभंग, असं पेशीला कोण सांगतं? आणि दुभंगून झाल्यावर, आता पुरे, असं कोण सांगतं?

आज मुळं कापताना टिम हंट आठवले.

हे इंग्लंडचे जीवरसायनशास्त्रज्ञ, जन्म १९४३ चा. पेशीविभाजन हा त्यांचा विषय नव्हता. पेशी प्रथिनं कशी बनवते आणि ते बनवणं कधी थांबवते, हा त्यांचा विषय. केंब्रिजमध्ये त्यांनी पीएचडी केली तीही हिमोग्लोबिनच्या निर्मितीवर. कामासाठी घेतल्या सशाच्या अर्धवट पिकलेल्या तांबड्या पेशी. ही निवड मला फार शहाणपणाची वाटते. एरवी पेशीत हजारो प्रकारची प्रथिनं एकाच वेळी बनत असतात. या पेशी जवळजवळ एकच प्रथिन बनवतात. कारखान्यात एकाच मालाचं काम चालू असेल, तर यंत्र कुठे अडतं ते चटकन कळतं.

आणि ते अडायचं. हिमोग्लोबिनमध्ये ग्लोबिनच्या चार साखळ्या असतात आणि प्रत्येक साखळीच्या कुशीत एक हीम, म्हणजे मधोमध लोहाचा अणू असलेलं कडं. हीम कमी पडलं, की ग्लोबिनच्या नव्या साखळ्या सुरू होणंच बंद होतं. कच्चा माल भरपूर, रायबोसोम तयार, संदेश घेऊन आलेला आरएनए हजर, तरीही काम बंद. हंट, रिचर्ड जॅक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ साली याचं कारण दाखवून दिलं. साखळी सुरू करून देणारा जो मदतनीस घटक असतो, त्याच्यावर एक विकर फॉस्फेटचा छोटासा गट चिकटवतं. तेवढ्यानं तो घटक अडकून पडतो. हीम पुरेसं असताना हे विकर गप्प असतं, हीम कमी झालं की जागं होतं.

इथे मी नेहमी थांबते, कारण हे प्रकरण इंग्लंडच्या सशांपुरतं राहत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आपल्या देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. आमच्या तालुक्यातल्या आरोग्य केंद्रात लोहाच्या गोळ्यांची पाकिटं घेऊन जाणाऱ्या बाया मी रोज पाहते. लोह कमी असलं की तांबड्या पेशी लहान आणि फिकट होतात, हे डॉक्टर सांगतात आणि आम्हीही शिकवतो. त्या तशा का होतात, हे पुढे उंदरांवरच्या प्रयोगांतून कळलं. ज्या उंदरांमध्ये ग्लोबिनचं काम थांबवणारं ते विकर नव्हतं, त्यांना लोह कमी पडल्यावर पेशी लहान-फिकट झाल्या नाहीत. पण त्या पेशींत हीमवाचून उरलेलं ग्लोबिन साकळलं आणि पेशी मरू लागल्या. त्या उंदरांचा रक्तक्षय जास्त वाईट होता. म्हणजे फिकटपणा ही शरीरानं केलेली काटकसर आहे. घरात पीठ कमी असेल तर आई भाकऱ्या लहान थापते, पण थापते त्या सगळ्या पुऱ्या भाजून देते. आपल्या शरीरात दर सेकंदाला सुमारे वीस लाख नव्या तांबड्या पेशी तयार होतात आणि त्यांपैकी प्रत्येकीत हा हिशेब राखला जातो. काम करत राहण्याइतकंच ते वेळेवर थांबवणंही पेशीला यावं लागतं, हे हंट यांनी या तांबड्या पेशींकडून आधीच शिकून घेतलं होतं.

पुढची गोष्ट समुद्रकाठची आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात वुड्स होल नावाचं गाव आहे. तिथे १८८८ पासून सागरी जीवशास्त्राची प्रयोगशाळा आहे. उन्हाळ्यात जगभरचे शास्त्रज्ञ तिथे जमतात, शिकवतात, आणि समोरच्या समुद्रातून आलेल्या प्राण्यांवर प्रयोग करतात. १९८२ च्या जुलै महिन्यात हंट तिथे होते आणि सी अर्चिनच्या अंड्यांवर काम करत होते. सी अर्चिन म्हणजे साळिंदरासारखा काटेरी, मुठीत मावेल एवढा गोळा. एक मादी लाखोंनी अंडी टाकते. ती समुद्राच्या पाण्यात घ्यायची, शुक्रबीजं मिसळायची, की सगळी अंडी जवळजवळ एकाच क्षणी फळतात. तासाभरात सगळी एकदम दुभंगतात. पुन्हा थोड्या वेळानं सगळी एकदम.

हे ‘एकदम’ फार महत्त्वाचं. उद्या माझी मुलं कांद्याच्या ज्या पेशी पाहतील, त्यांतली प्रत्येक पेशी वेगळ्या टप्प्यावर असेल. एकीत गुणसूत्रं नुकती दिसू लागलेली, शेजारणीत मधल्या रेषेवर जमलेली, पलीकडची निवांत. बाजारातल्या गर्दीचा फोटो काढावा, तसं ते चित्र. गर्दीतल्या एकाचं येणं-जाणं त्यातून समजत नाही. सी अर्चिनची अंडी शाळेच्या कवायतीसारखी चालतात. लाखो अंड्यांतून थोडी अंडी उचलली, की त्या मिनिटाला सगळ्यांच्या पोटात काय चाललंय ते कळतं.

हंट यांना पाहायचं होतं ते साधंच. फलन झालेलं अंडं आणि नुसत्या रसायनानं जागं केलेलं अंडं, या दोघांत बनणाऱ्या प्रथिनांत काही फरक असतो का? त्यांनी अंड्यांच्या पाण्यात किरणोत्सारी गंधक असलेलं मिथिओनिन नावाचं अमिनो आम्ल मिसळलं. नवं बनणारं प्रत्येक प्रथिन ते आपल्यात ओवून घेणार आणि त्यामुळे ओळखू येणार. मग ठरावीक मिनिटांनी थोडी थोडी अंडी काढायची, त्यांतली प्रथिनं जेलमधून विजेच्या ओढीनं सरकवायची, लहान प्रथिनं पुढे, मोठी मागे. नंतर जेलवर एक्स-रेची फिल्म ठेवायची. फिल्म धुतली, की नव्या प्रथिनाच्या प्रत्येक जागी काळी रेघ. डावीकडे सुरुवातीचा नमुना, मग पुढचा, मग त्याच्या पुढचा. वेळ डावीकडून उजवीकडे चालत जाते.

अशा फिल्मवर काय दिसणार, हे आधीच ठाऊक असतं. किरणोत्सारी माल साठत जातो, म्हणून वेळेबरोबर प्रत्येक रेघ गडद होत जाते. तशा त्या झाल्याही. एक मात्र झाली नाही. सुरुवातीच्या ठळक रेघांपैकी ती एक. आधी गडद होत गेली, मग अंडी दुभंगण्याच्या थोडं आधी फिकी पडली आणि जवळपास दिसेनाशी झाली. पुढे पुन्हा उमटली, पुन्हा गडद झाली, आणि दुसऱ्या विभाजनाच्या वेळी पुन्हा गेली.

या फिल्मचं चित्र मी पुस्तकात पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला माझा हजेरीपट आठवला, आणि त्यासोबत एक मुलगी.

बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. त्या वर्षी वर्गात ऐंशीच्या वर मुलं होती. हजेरी रोल नंबरनं, घाईघाईत. मी आवाज ऐकायचे, चेहरा पाहायचे नाही. जानेवारीत जर्नलं तपासायला घेतली, तर एका जर्नलचं पहिलं पान सुंदर अक्षरात लिहिलेलं, मुळाच्या टोकाच्या प्रयोगाचं शीर्षक घातलेलं आणि खाली सगळं कोरं. तेव्हा कळलं, की ती मुलगी दसऱ्यानंतर आलेलीच नव्हती. आई-वडील ऊसतोडीला गेले, त्यांच्यासोबत तीही गेली. तिच्या नंबरावर शेजारची मैत्रीण ‘यस मॅडम’ म्हणत होती, नाव पटावरून कटू नये म्हणून. त्या मैत्रिणीला मी रागावू शकले नाही. वर्गात जे होते त्यांच्याकडे पाहण्यात तीन महिने गेले आणि जी नव्हती ती मला दिसली नाही. तेव्हापासून मी नावानं हजेरी घेते, मान वर करून घेते आणि उत्तर आलं नाही तर तिथेच थांबते.

म्हणून हंट यांच्या कामातलं मला सगळ्यात मोठं वाटतं ते हे, की ते त्या रेघेपाशी थांबले. प्रथिन कसं बनतं यावर पंधरा-वीस वर्षं घालवलेला माणूस. त्याचा डोळा उगवणाऱ्या गोष्टींना सरावलेला. एखादी रेघ फिकी पडली, तर जेल नीट झाली नाही, नमुना कमी पडला, असं म्हणून फिल्म बाजूला ठेवणं किती सोपं होतं! त्यांनी उलटं धरलं. बाकीच्या सगळ्या रेघा नीट आहेत, म्हणजे प्रयोग नीट आहे. मग ही एकच गेली ती कुणीतरी घालवल्याशिवाय गेली नाही.

या एका निरीक्षणानं एक जुनं कोडंही सुटलं. फळलेल्या अंड्यात प्रथिनं ठासून भरलेली असतात, आणि नवी प्रथिनं बनवण्याचे संदेशही आईनं आधीच भरून ठेवलेले असतात. तरीही प्रथिनं बनवणं औषध घालून बंद केलं, की अंडं दुभंगत नाही. एवढं भरलेलं घर, आणि प्रत्येक विभाजनाआधी नवं काहीतरी का लागावं? उत्तर त्या फिल्मवर होतं. जे लागतं ते प्रत्येक खेपेला नष्ट केलं जातं, म्हणून प्रत्येक खेपेला नव्यानं बनवावं लागतं. १९८३ साली ‘सेल’ या नियतकालिकात पाच जणांच्या नावानं हा निबंध आला आणि प्रथिनाचं नाव ठेवलं सायक्लिन.

लगेच सगळ्यांना पटलं असं नाही, आणि ते योग्यच होतं. कोंबडा आरवतो तेव्हा उजाडतं, म्हणून कोंबड्यामुळे उजाडतं असं होत नाही. सायक्लिनमुळे विभाजन होतं, की विभाजनासोबत सायक्लिन नुसतं येतं-जातं? १९८६ साली जोन रुडरमन यांच्या प्रयोगशाळेनं, आपल्याकडच्या तिसऱ्यांसारख्या एका शिंपल्यातलं सायक्लिन घेतलं आणि त्याचा संदेश बेडकाच्या थांबून राहिलेल्या अंडपेशीत घातला. ती पेशी विभाजनाच्या वाटेला लागली. १९८८ मध्ये बेडकाच्या अंड्यांतून विभाजन सुरू करून देणारा घटक शुद्ध करण्यात आला. त्यात पॉल नर्स यांनी यीस्टमध्ये अभ्यासलेलं विकर निघालं, आणि त्याच्या जोडीला सायक्लिन. विकर कायम हजर असतं. सायक्लिन आलं की कामाला लागतं, गेलं की थांबतं.

मग १९८९. अँड्र्यू मरे आणि मार्क किर्शनर यांनी बेडकाच्या अंड्यांच्या अर्कातले सगळे संदेश नष्ट केले आणि फक्त सायक्लिनचा संदेश परत घातला. तेवढ्या एका प्रथिनावर अर्कातलं चक्र पुन्हा फिरू लागलं. याच्यापेक्षाही मला त्यांचा दुसरा प्रयोग मोठा वाटतो. त्यांनी सी अर्चिनच्या सायक्लिनची सुरुवातीची ९० अमिनो आम्लं छाटून टाकली. असं छाटलेलं सायक्लिन आपलं काम चोख करतं, विभाजन सुरू करून देतं. पण आपल्याला मोडा, ही खूण त्या छाटलेल्या तुकड्यात होती. ती गेल्यामुळे हे सायक्लिन नष्ट होत नाही. आणि मग विभाजन सुरू होतं, पण संपत नाही. सगळं त्या एका क्षणात अडकून राहतं.

मोडतोड कोण करतं, तेही नंतर उलगडलं. १९९१ च्या सुमारास दिसून आलं, की सायक्लिनवर युबिक्विटिन नावाच्या छोट्या प्रथिनाचे मणी चिकटवले जातात आणि अशी खूण झालेलं प्रथिन पेशीतल्या एका पिंपासारख्या यंत्रात तुकडे तुकडे होऊन जातं. ही खूण करण्याची पद्धत शोधल्याबद्दल चिएकानोव्हर, हर्श्को आणि रोझ यांना २००४ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. हंट, हार्टवेल आणि नर्स यांना २००१ साली वैद्यकशास्त्राचं मिळालं होतं. नोबेलच्या व्याख्यानाच्या शीर्षकात हंट यांनी प्रथिनांची घडण, प्रथिनांची मोड आणि पेशीचक्रातली वळणं हे तीनही शब्द शेजारी शेजारी ठेवले. मी बारावीला प्रथिनांची घडण शिकवायला चार तास घ्यायचे आणि मोडीला पाच मिनिटंही देत नव्हते. आता एक पूर्ण तास देते, आणि त्यासाठी अभ्यासक्रम थोडा मागे पडला तरी चालवून घेते.

सायक्लिनच्याच कुळातल्या दुसऱ्या एका भावंडाच्या जोडीदार विकराला अडवणारं औषध स्तनाच्या काही प्रकारच्या कर्करोगासाठी २०१५ पासून वापरात आहे. पॅल्बोसिक्लिब त्याचं नाव. उन्हाळ्याच्या त्या दिवसांत समुद्रकाठी कुणाच्या मनात कर्करोग नव्हता. काटेरी गोळ्याच्या अंड्यांत काय चालतं, एवढंच पाहायचं होतं. ‘याचा उपयोग काय’ असं मुलांनी विचारलं, की मी हे सांगते, पण शेवटी सांगते. आधी फिल्म दाखवते.

उद्या ती मुलं सूक्ष्मदर्शकाशी बसतील. तुमच्या घरी कुणी अकरावीत असेल तर तुम्हीही त्यांच्या मागे उभे राहून एकदा डोळा लावा. कांदा घरातलाच चालतो. मुळं फुटली की सकाळीच कापायला सांगा. जांभळट-लाल रंगात हजार पेशी दिसतील, त्यांत घाईनं शोधू नका. एखाद्या पेशीत गुणसूत्रांचे दोन गट मधली रेषा सोडून दोन टोकांकडे निघालेले दिसले, तर तिथे थांबा. त्या पेशीतलं विभाजन सुरू करून देणारं सायक्लिन नुकतंच मोडून टाकलेलं आहे. ते काचपट्टीवर कुठेच दिसणार नाही, आणि ते तिथे नाही म्हणूनच त्या पेशीचं विभाजन आता पुरं होऊ शकणार आहे.